गाडी चढाला ओढत नाही

पाण्याच्या टाकीपासून रस्ता चढायला लागतो. तिथे ड्रायव्हरने नेहमीप्रमाणे गियर खाली घेतला, पाय दाबला, आणि गाडीने ऐकलंच नाही. इंजिनाचा आवाज वाढला, वेग वाढेना. त्याने आणखी दाबलं. पेडल तळाला टेकलं, तरी गाडी भिजलेल्या गोणीसारखी जड जड होत गेली. आरशात मागचा मालट्रक मोठा होत होता. आधी त्याचं अख्खं तोंड दिसत होतं, मग नुसती जाळी, मग जाळीत अडकलेले किडे.

ट्रकवाल्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

"काय झालं दादा?" हेडबाईंनी मागून विचारलं. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि ड्रायव्हरच्या बरोबर पाठीमागची खिडकी त्यांनी कायमची धरली होती.

"काही नाही बाई. मागच्याला घाई आहे."

"मग त्याला सांगा, घरून वेळेवर निघत जा म्हणावं."

गाडीत सगळे हसले. ड्रायव्हरही हसला, पण त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. ट्रक शेवटी उलट्या बाजूने पुढे घुसला आणि जाता जाता क्लीनरने हात बाहेर काढून जे काय म्हणायचं ते म्हटलं.

गाडी ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्राची होती. सकाळी खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना घरोघरून घ्यायचं, टेकडीवरच्या केंद्रात पोचवायचं, संध्याकाळी ज्याला त्याला आपापल्या दारात उतरवायचं, हे त्याचं काम. काही जण आपल्या पायांनी चढत. काहींना चाकांच्या खुर्चीसकट मागच्या लिफ्टने वर घ्यावं लागे. खुर्च्या पट्ट्यांनी जमिनीला बांधायच्या, मग माणसं खुर्च्यांना. म्हणजे वेळ पडली तर पटकन उडी मारून बाजूला होईल असं गाडीत त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत हा विचार त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. आता टाकी दिसली की आधी तोच येई.

हे सगळं गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून परत आल्यापासूनचं. टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा, गेला होता. इंजिन शिट्टी मारायचं आणि मागून निळा धूर यायचा. तिथे त्यांनी नवा टर्बो बसवला, गाडी आतून-बाहेरून धुतली, टायरांना काळं पॉलिश मारलं. परत आली त्या दिवशी सपाट रस्त्यावर ती अशी पळाली की त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं, "गाडी माहेरपण करून आल्यासारखी दिसतेय." दुसऱ्या दिवशी सगळी माणसं घेऊन चढाला लागला, तर हे असं.

त्याने केंद्राच्या व्यवस्थापिका मॅडमना सांगितलं. मॅडमनी लगेच फोन केला आणि गाडी पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेली. तिथला सल्लागार तरतरीत होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलताना समोरच्याकडे कमी, हातातल्या टॅबकडे जास्त बघणं.

"कॉम्प्युटर लावून बघितला. एकही एरर नाही."

"चढावर ओढत नाही साहेब."

"आम्ही ट्रायल घेतली ना. मी स्वतः बसलो होतो. मस्त पळते."

"कुठे घेतली ट्रायल?"

"इथेच, बाहेरच्या रस्त्याला."

"तो तर सपाट आहे."

सल्लागार समजूतदारपणे हसला. "नवीन टर्बो आहे. थोडी सवय होऊ द्या."

सवय कोणाला व्हायची, गाडीला की मला, असं ड्रायव्हरच्या ओठांवर आलं होतं. तो किल्ली घेऊन निघाला.

गाडी रोज बिघडली असती तर एक वेळ परवडलं असतं. एखाद्या दिवशी ती सरळ वर चढून जाई आणि त्याला वाटे, सुटलो. पुढच्या खेपेला टाकी ओलांडली की पुन्हा तेच, जणू कोणी मागून दोर धरून ठेवलाय. तो युक्त्या करू लागला. चढ यायच्या आधी एसी बंद करायचा, खालूनच वेग घ्यायचा, पुढे रिक्षा दिसली की ती वर जाईपर्यंत टाकीपाशी थांबून राहायचं. एसी बंद झाला की मागे कुरकुर सुरू होई. हेडबाई म्हणत, "दादा, आम्हाला वाफवून नेताय का?" मग त्याने लांबचा रस्ता धरला. तो टेकडीला वळसा घालून हळूहळू वर जाई. पण त्या रस्त्याने केंद्रात पोचायला उशीर होई, व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई ताटकळत, आणि खुर्चीत फार वेळ बसवत नसलेल्यांची तोंडं वेडीवाकडी होत.

एका संध्याकाळी मॅडम स्वतः त्याच्या शेजारी बसल्या. "चला, मला दाखवा." सगळ्यांना घरी सोडून झालं होतं. ते टाकीपासून माथ्यापर्यंत गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. गाडी मुकाट चढली. ड्रायव्हर मनातल्या मनात तिला म्हणत होता, अगं आता तरी बंड कर.

"मला तर काही जाणवलं नाही," मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, आणि त्याला तेच जास्त लागलं. "मध्यंतरी तुम्हाला चक्कर आली होती ना? आता कशी आहे तब्येत?"

चक्कर आली होती, हे खरं. उन्हात घराच्या गच्चीवर टाकी धुताना. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, आणि ते म्हणाले, ताण कमी घ्या. त्याने ती गोष्ट मॅडमना सहज बोलता बोलता सांगितली होती. आता ती अशी उलटून अंगावर आली.

त्या दिवसापासून त्याचा स्वतःवरचाच विश्वास डळमळला. पायच दाबला जात नसेल तर? चढ आला की आपणच पाय आखडता घेत असू आणि आपल्याला कळत नसेल तर? घरी जिन्यात कोणी नसताना तो खालच्या पायरीवर उजवा पाय दाबून बघे. दाबला जाई. पण पायरीच ती. ती काय सांगणार.

त्याची बायको इस्पितळात एंडोस्कोपी विभागात परिचारिका होती. पोट दुखतं, घास अडकतो, छातीत जळजळतं असं सांगत येणारी माणसं तिच्या हाताखालून जात. त्यातल्या कित्येकांचे रिपोर्ट चांगले निघत आणि तरी ती माणसं समाधानाने घरी जात नसत. त्यामुळे नवऱ्याचं ऐकताना तिच्या चेहऱ्यावर नकळत तोच इस्पितळातला समजूतदारपणा येई.

"अहो, एकदा आमच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांशी बोलता का? नुसतं बोलायचं. गोळ्या घ्यायलाच पाहिजेत असं नाही."

"गाडीला नेऊ का त्यांच्याकडे?"

"मी गंभीरपणे बोलतेय."

"मीपण." तो पानावरून उठला. त्याने अर्धंही खाल्लं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात जे व्हायचं ते झालं. त्या दिवशी एकही जण गैरहजर नव्हता. चाकांच्या खुर्च्याही सगळ्या होत्या. लांबच्या रस्त्यावर खोदकाम निघालं होतं, म्हणून टाकीवरूनच जाणं भाग होतं. ऊन रणरणत होतं. निम्म्या चढावर रस्त्याच्या कडेला एक टँकर उभा होता. त्याच्यामुळे एकच गाडी जाईल एवढी जागा उरली होती आणि वरून बस येत होती. ड्रायव्हरला थांबावं लागलं. बस गेली. त्याने हँडब्रेक सोडत क्लच उचलला, तर गाडी पुढे जायच्या ऐवजी थरथरली आणि इंचभर मागे आली. त्याने पुन्हा ब्रेक दाबला. पुन्हा उचलला. जळक्या क्लचचा वास आत पसरला. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि हॉर्न सुरू झाले होते.

"आग लागली," मागून आवाज आला.

ते पोस्टमास्तर होते. उभी हयात पोस्टात काढलेला, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेला माणूस. ते पट्टा सोडून उठले आणि दरवाजाच्या कडीकडे निघाले. दरवाजा उघडला असता तर ते सरळ रस्त्यावर पडले असते, मागच्या गाड्यांच्या समोर.

"आग नाही मास्तर, खाली बसा," ड्रायव्हर ओरडला. त्याला मागे वळता येत नव्हतं. एक पाय ब्रेकवर, एक क्लचवर, एक हात हँडब्रेकवर. पायाखाली पेडल थरथरतंय की पाय, ते त्याला सांगता आलं नसतं. "बाई, त्यांना धरा."

हेडबाईंनी पोस्टमास्तरांच्या सदऱ्याचं टोक पकडलं. "बसा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. शाळेच्या व्हरांड्यात वापरत असतील तोच आवाज असावा, कारण पोस्टमास्तर बसले. पण ते रडत होते. त्यांच्याकडे बघून खुर्चीतल्या एक आजीही रडू लागल्या.

टँकरचा चालक उतरून आला, त्याने मागच्या गाड्या एकेक करून बाजूला करवल्या. ड्रायव्हरने आरशात बघत, ब्रेक दाबत सोडत, गाडी पावला-पावलाने उलटी टाकीपर्यंत खाली आणली. मॅडमनी दुसऱ्या दोन गाड्या पाठवल्या. त्याने लोकांना उतरवून त्या गाड्यांत चढवलं. शेवटची खुर्ची गेल्यावर तो टाकीच्या कठड्यावर बसला.

"थोडे दिवस सुट्टी घ्या," मॅडम फोनवर म्हणाल्या. "गाडीचं आणि तुमचंही काय ते बघू. तोपर्यंत मी भाड्याची गाडी लावते."

तुमचंही. तो शब्द घेऊन तो घरी आला.

बायकोने दार उघडलं आणि त्याच्याकडे बघितलं. पाणी दिलं. शर्ट बदलायला लावला. तो शर्ट बादलीत टाकताना तिने हातात धरून बघितला. पिळून काढावा इतका ओला होता. तिने खुर्ची त्याच्यासमोर ओढली.

"आता मला नीट सांगा. पेशंट सांगतो तसं. मी मधे बोलणार नाही."

"काय सांगू? चढावर ओढत नाही."

"रोज?"

"नाही."

"कधी कधी होतं आणि कधी होत नाही? पोट भरलेलं असताना की रिकामं?"

त्याने मान वर केली. "म्हणजे?"

"गाडीत माणसं असताना की नसताना?"

तो विचार करू लागला. "रिकामी असताना कधीच नाही. मॅडम बसल्या तेव्हा रिकामी होती. सर्व्हिसवाल्यांनी नेली तेव्हाही रिकामी."

"सगळी माणसं असताना होतंच?"

"बहुतेक. पण गेल्या आठवड्यात एकदा गाडी भरलेली होती आणि तरी चढली." तो थांबला. "त्या दिवशी पाऊस होता. गार होतं."

"आणि आज?"

"आज ऊन मी म्हणत होतं."

"मग वजन पाहिजे आणि उष्णता पाहिजे. एक असून भागत नाही," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "हे तुमच्या पायाचं नाही. ऊन-पाऊस बघून पाय आखडत नाही कोणाचा."

त्याने उरलेलं पाणी पिऊन टाकलं. आपल्याला हे आधीच का सुचलं नाही, असं त्याला वाटलं; पण सुचणार कधी, चढ लागला की त्याला मागचा आरसा सोडून दुसरं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि मॅडमना फोनवर विचारून दोघं गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. सल्लागाराने त्यांना गारेगार खोलीत बसवलं, पुन्हा कॉम्प्युटर लावला, पुन्हा काही निघालं नाही.

"आम्हाला गाडी भरून चढावर न्यायची आहे," ती म्हणाली. "तुमचा माणूस सोबत द्या. ज्याने टर्बो बसवला तोच."

"मॅडम, अशी पद्धत नाही."

"काल गाडीत खुर्चीला बांधलेली माणसं होती. पुन्हा तसं झालं तर तुमच्या पद्धतीने काय करायचं ते सांगा, आम्ही तसं करू."

सल्लागाराने टॅब टेबलावर ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त त्याच्या समोरच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसत होतं. त्याने आत जाऊन मेकॅनिकला बोलावून आणलं. मेकॅनिक तिशीतला, अबोल, हात पुसायच्या फडक्याशी चाळा करत उभा राहिला. तक्रार आपल्यावर शेकणार, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

वजनाचा प्रश्न बायकोच्या भावाने सोडवला. त्याचा पिण्याच्या पाण्याचे जार पोचवण्याचा धंदा होता आणि तो स्वतःही भरल्या जारासारखाच होता. त्याने माणसांच्या जागी भरलेले जार लावले, खुर्च्यांच्या पट्ट्यांनी ते आवळले आणि म्हणाला, "दाजी, तुमच्या म्हाताऱ्यांपेक्षा हे गुणी. एसी नको, खिडकी नको." मग तो स्वतः मागच्या सीटवर बसला आणि गाडी एका बाजूला जरा कलली.

मेकॅनिक पुढे स्कॅनर घेऊन बसला होता. निघण्याआधी बायकोने त्याला विचारलं, "ह्या यंत्रात तुम्हाला दिसतं काय?"

"आकडे. हवा किती, डिझेल किती, दाब किती."

"प्रत्यक्ष आत काय चाललंय ते?"

"ते कसं दिसणार? बॉनेट उघडं टाकून गाडी चालवता येत नाही."

"आमच्याकडे पोट उघडं टाकत नाही कोणी. आम्ही कॅमेरा घालतो."

मेकॅनिकचं फडकं थांबलं. त्याने एकदा बॉनेटकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "फोन ठेवता येईल," तो हळूच म्हणाला. "बॅटरीच्या बाजूला जागा आहे. तिथे गरम कमी होतं."

फोन कोणाचा, यावर थोडी घासाघीस झाली. ड्रायव्हरच्या फोनमध्ये अंधारात काही दिसत नव्हतं. मेहुण्याचा फोन नवा होता. "माझ्याच पोटावर पाय का?" म्हणत त्याने तो दिला. बायकोने पर्समधून जखमेला लावायची चिकटपट्टी काढली, मेकॅनिकने प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणल्या, आणि दोघांनी मिळून फोन असा बांधला की त्याच्या दिव्याचा उजेड इंजिनाच्या वरच्या बाजूवर पडेल. रेकॉर्डिंग चालू करून बॉनेट हलक्या हाताने बंद केलं.

आधी त्यांनी गाडी भर उन्हात गावभर फिरवून तापवली. मग टाकी आली.

आज मागे पाण्याचे जार होते, तरी ड्रायव्हरचे डोळे आरशाकडे गेले. आणि आता दुसरीच भीती होती. आज गाडी चढली तर? सगळ्यांच्या देखत सुरळीत चढली तर? मग मेहुणा काही बोलणार नाही, बायको बोलणार नाही, आणि ते न बोलणं त्याला जन्मभर ऐकावं लागेल. त्याने गियर खाली घेतला आणि पाय दाबला. गाडी चढू लागली. थोडा वेळ ती चढतच राहिली.

मग ती बसली. नेहमीसारखीच. आवाज वर, वेग खाली.

"पूर्ण दाबलाय?" मेकॅनिकने विचारलं.

"तूच बघ."

मेकॅनिक खाली वाकला आणि त्याने हाताने पेडल चाचपलं. ते तळाला टेकलं होतं. तो सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. "हवा पडतेय," तो स्कॅनरकडे बघत म्हणाला. "इंजिन मागतंय तेवढी हवा येत नाहीये. पण एरर काही देत नाही."

"दाजी, खरंच ओढत नाही हो," मेहुणा मागून म्हणाला. त्याच्या आवाजात मघाची मस्करी नव्हती. त्याने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

कडेला मोकळी जागा बघून ड्रायव्हरने गाडी घेतली. मेकॅनिकने चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं, फोन सोडवला. फोन चटका बसावा इतका तापला होता. चौघं गाडीच्या सावलीत डोकं डोक्याला लावून उभे राहिले.

पडद्यावर आधी काही कळण्यासारखं नव्हतं. थरथरणारं इंजिन, वायरी, आणि मधोमध एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारा मनगटाएवढा काळा रबरी पाईप. मेकॅनिकने ते पुढे ढकललं. इंजिनाचा आवाज बदलला, चढ सुरू झाला असणार. पाईप जरा आत दबला. पुन्हा फुगला. पुन्हा दबला. आणि मग, बघता बघता, स्ट्रॉने जोरात ओढून पिताना स्ट्रॉ चपटी होते तसा तो अख्खा पाईप चपटा झाला आणि तसाच राहिला. इंजिन आतून ओढत होतं आणि ओढण्यानेच त्याचा स्वतःचा घसा मिटत होता. ड्रायव्हरने पाय सोडला असेल त्या क्षणी पाईप टुणकन गोल झाला, जसं काही घडलंच नाही.

मेकॅनिकने ते पुन्हा एकदा लावलं. मग त्याने फोन मेहुण्याच्या हातात दिला आणि इंजिनावर वाकून पाईप बोटांनी दाबला. तापलेला रबर मऊ पडला होता.

"हा मीच बसवला," तो म्हणाला. "जुना काढताना चिरला. त्याच्या आत तारेचं वेटोळं असतं, त्यामुळे तो मिटत नाही. तसा आमच्याकडे शिल्लक नव्हता. वर्कशॉपचे साहेब म्हणाले, त्याच मापाचा दुसरा लावून गाडी सोड, ओरिजिनल आला की बोलावून बदलू."

"आणि आला?" ड्रायव्हरने विचारलं.

"मला कोणी सांगितलं नाही." त्याने फडक्याने हात पुसले, आधीच पुसलेले. "मीपण विचारलं नाही."

ड्रायव्हरला त्याला खूप काही सुनवायचं होतं. पोस्टमास्तरांचं रडणं, दरवाजाची कडी, जिन्यातली पायरी, सगळं तोंडाशी आलं. पण तो माणूस समोर मान खाली घालून उभा होता, आणि खोटं बोलायची सोय असताना बोलला नव्हता. "गाडीत माणसं होती रे," एवढंच ड्रायव्हर म्हणाला. मेकॅनिकने मान हलवली.

सल्लागाराने तो व्हिडिओ उभ्या उभ्या बघितला. एकदा तो म्हणाला, "हे आमच्या सिस्टीममध्ये यायला हवं होतं," आणि मग गप्प झाला, कारण ते वाक्य त्यालाच पुरेसं वाटलं नसावं. तारेचं वेटोळं असलेला पाईप दुसऱ्या गावाहून मागवून त्याच दिवशी बसवला गेला. क्लचही बदलून दिला. जार काढायच्या आत त्यांनी पुन्हा चढ चढून बघितला, या वेळी सल्लागारही सोबत होता, आणि गाडी न थांबता माथ्यावर गेली. उतरताना सल्लागार ड्रायव्हरला म्हणाला, "त्या दिवशी मी ऐकायला हवं होतं."

घरी येताना रिक्षात बायको बराच वेळ बाहेर बघत होती.

"मी तुम्हाला गोळ्या द्यायला निघाले होते."

"चालल्या असत्या. झोप तरी लागली असती."

तिने त्याचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

केंद्रात मॅडमनी व्हिडिओ दोनदा बघितला. "सोमवारपासून येता?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्या दिवशी फोनवर मी बोलले ते मला आठवतंय." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला आणि स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे सरकवला.

सोमवारी सगळे आले, पोस्टमास्तर सोडून. त्यांच्या सुनेने दारातच सांगितलं की ते गाडीचं नाव काढलं तरी आतल्या खोलीत जाऊन बसतात. दोन दिवस ड्रायव्हर हॉर्न न वाजवता नुसती गाडी थांबवायचा, दार वाजवायचा आणि "मास्तर, जाऊन येतो," असं सांगून निघायचा. तिसऱ्या दिवशी त्याने सुनेच्या परवानगीने आत जाऊन त्यांना व्हिडिओ दाखवला. पोस्टमास्तरांनी चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे आग नव्हती?"

"नव्हती. पण भ्यायला होतं. मीही भ्यालो होतो."

"तुम्ही? तुम्ही तर पुढे बसला होतात."

"पुढे बसलं तरी भीती तेवढीच वाटते. कदाचित जास्तच."

पोस्टमास्तरांनी यावर विचार केला. दुसऱ्या दिवशी ते दारात तयार होते, पण अट घातली की मागे बसणार नाही. त्यांना ड्रायव्हरच्या शेजारी जागा मिळाली. हेडबाईंनी मागून त्यांचा पट्टा लागलाय की नाही ते तपासून घेतलं.

टाकी दिसली तशी पोस्टमास्तरांची बोटं सीटच्या कडेला रुतली. ड्रायव्हरच्या पोटऱ्याही आपोआप ताठ झाल्या. पाईप बदलला हे डोक्याला माहीत होतं, पोटऱ्यांना अजून कोणी कळवलं नव्हतं. त्याने बोलायला सुरुवात केली, मास्तरांसाठी की स्वतःसाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "आता गियर खाली घेतोय. आता आवाज वाढेल, घाबरायचं नाही. हे बघा, वाढला. आता ती ओढायला लागेल. लागली बघा."

गाडी ओढत होती. निम्मा चढ गेला. पुढे एक रिक्षा धापा टाकत चालली होती. त्याने तिला मागे टाकलं आणि तेही सांगितलं.

"दादा," पोस्टमास्तर समोरून नजर न हटवता म्हणाले, "बोलू नका. रस्त्याकडे बघा."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. ड्रायव्हर गप्प झाला आणि रस्त्याकडे बघू लागला. माथा आला, केंद्राचं फाटक आलं, रखवालदाराने ते उघडलं. आज इंजिन बंद केल्यावर ड्रायव्हर जरा वेळ तसाच बसून राहिला. शेजारी पोस्टमास्तरही बसून होते. मग मागून हेडबाईंनी विचारलं, उतरायचं आहे की आज गाडीतच व्यायाम घ्यायचाय, आणि तो लिफ्ट खाली सोडायला उठला.